दहा बाय बाराची खोली, तीस किलो रुई आणि बारा पॅनल

खानदेशात आता गावोगाव घरच्या घरी गाणी रेकॉर्ड होतात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी एक हंगाम, श्रावणात कानबाईच्या उत्सवाच्या आधी दुसरा, मधे लग्नसराई. माइक, इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी), लॅपटॉप आणि हेडफोन जमले की माणूस मागच्या खोलीत बसतो आणि पहिलंच गाणं ऐकून हिरमुसतो. आवाज डब्यातून आल्यासारखा, शब्दांना शेपूट, ढोलकीची घुमणारी बाजू कधी फुगलेली तर कधी गायब. मग महागडा माइक घेतो, आणि तो माइक तीच खोली आणखी स्पष्ट ऐकवतो.

सिमेंटचा गिलावा, फरशी आणि वर स्लॅब अशा खोलीत आवाजाला मुरायला जागाच नसते. 10 बाय 12 फुटांची, 10 फूट उंच रिकामी खोली घ्या. घनफळ सुमारे 34 घनमीटर. गिलाव्याचा पृष्ठभाग आवाजाचा जेमतेम दोन-तीन टक्के भाग शोषतो. साबिनच्या सूत्रात हे आकडे घातले तर आवाज विरायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. गाण्याच्या छोट्या खोलीत हा वेळ 0.2 ते 0.4 सेकंदांच्या आसपास हवा. इथे दिलेली सगळी मापं याच खोलीची आहेत; तुमची खोली वेगळी असेल तर प्रमाणात बदला.

आधी एक गैरसमज

खोलीतला घुमारा कमी करणं आणि बाहेरचा आवाज आत येऊ न देणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्या कामाला हवा आत शिरेल अशी मऊ, जाड वस्तू लागते. दुसऱ्याला वजन आणि फटी बुजवणं. भिंतभर गाद्या लावल्या तरी गल्लीतून जाणारा डीजे आत येणारच. त्यासाठी दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करा, चौकटीला फोमची चिकटपट्टी लावा, खिडकीच्या मापाचा 18 मिलिमीटर प्लायवूडचा तुकडा कडेला रबर लावून घट्ट बसेल असा करून घ्या. रेकॉर्डिंगच्या वेळी बसवायचा, एरवी काढून ठेवायचा. स्वस्तात एवढंच होतं. बाकी वेळ साधायची: रात्री दहानंतर.

घरात धाब्याची जुनी खोली शिल्लक असेल तर तिला नाकं मुरडू नका. मातीच्या जाड भिंती बाहेरचा आवाज विटेच्या पातळ भिंतीपेक्षा कितीतरी चांगला अडवतात. वरून माती गळते, त्यासाठी छताखाली कापड ताणायचं, एवढाच त्रास. पत्र्याची खोली मात्र शक्यतो टाळा. पावसात तिथे काहीच होत नाही, आणि ऊन चढताना-उतरताना पत्रा तडतडतो तो प्रत्येक टेकमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या प्रत्येक फेरीत येतो.

खोली निवडताना

निवडायला वाव असेल तर 10 बाय 10 ची खोली घेऊ नका. आपल्याकडे स्लॅबची उंचीही साधारण 10 फूटच असते, म्हणजे खोली चक्क ठोकळा होते. समोरासमोरच्या दोन भिंतींत ज्या सुराची अर्धी लांबी बरोबर मावते तो सूर खोलीत उभा राहतो. 10 फुटांना तो येतो साधारण 57 हर्ट्झवर, 12 फुटांना 48 वर. ठोकळ्यात लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही 57 वरच येतात, आणि त्याच्या दुपटीवर, 114 च्या आसपास, पुन्हा तिन्ही एकत्र. पुरुषी आवाजाचा खालचा भाग नेमका तिथेच असतो. 10 बाय 12 मध्ये निदान एक बाजू वेगळी पडते. 10 बाय 14 आणखी बरी.

ऐकून बघायचं असेल तर फोनमधल्या टोन जनरेटरचा आवाज मोठ्या स्पीकरवर लावा (फोनच्या स्पीकरला 57 हर्ट्झ झेपत नाही) आणि खोलीत फिरा. कोपऱ्यात कान दडपतील आणि खोलीच्या मध्यावर तोच सूर विरून जाईल. कोपरे आधी का भरायचे, हे या पाच मिनिटांत समजतं.

खिशात हात घालण्याआधी

खोली रिकामी करा. लोखंडी कपाट, स्टीलची मांडणी, काचेच्या तसबिरी, लटकणारी कॅलेंडरं बाहेर. लोखंडी कपाट ढोलकीच्या थापेला उत्तर देतं आणि ते उत्तर मिक्समध्ये सापडता सापडत नाही. पुस्तकांचं उघडं फडताळ असेल तर ते राहू द्या; वेड्यावाकड्या पुस्तकांवर आवाज विखुरतो, ते चांगलंच आहे.

मग घरातल्या दोन कापसाच्या गाद्या गायकाच्या पाठीमागे इंग्रजी व्ही अक्षरासारख्या उभ्या करा, खाली सतरंजी घाला, एक गोधडी दोरीवर भिंतीपासून वीतभर पुढे टांगा, आणि एक कडवं रेकॉर्ड करा. तेच कडवं गाद्या काढून पुन्हा. फरक ऐकू आला की पुढचं वाचा. काहींचं काम एवढ्यावरच भागतं, आणि त्यात काही कमीपणा नाही.

जाडीवर खर्च करा, भिंतभर पसरवण्यावर नको

नवख्याचे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात ते एक इंची फोमवर. काळे-लाल टोकदार चौकोन दिसतात स्टुडिओसारखे, पण ते फक्त वरचे, चुरचुरीत सूर शोषतात. खालचे सूर तसेच घुमत राहतात. परिणाम असा की टाळी वाजवली तर खोली शांत वाटते, पण गाणं गोधडीखालून गायल्यासारखं येतं.

कारण सोपं आहे. शोषणारी वस्तू सुराच्या लाटेच्या चौथ्या हिश्शाइतकी खोल असेल तर ती त्या सुराला पुरती पकडते. त्याहून खालचे सूर थोडेथोडे सुटत जातात. एका इंचाला ही मर्यादा येते तीन हजार हर्ट्झच्या वर. चार इंच जाडीला साधारण 850 वर. तोच चार इंची पॅनल (लाकडी चौकटीत बसवलेली शोषणारी वस्तू) भिंतीपासून चार इंच पुढे धरला तर मर्यादा 430 च्या आसपास उतरते, आणि मधल्या हवेला पैसे पडत नाहीत. म्हणून चोवीस पातळ चौकोनांपेक्षा बारा जाड पॅनल घ्या, आणि ते भिंतीला चिकटवू नका.

अंड्यांचे ट्रे, थर्माकोल आणि पफ (पॉलियुरेथेनचा कडक फोम) यांपैकी काहीही लावू नका. रावेर-सावद्याकडे केळी पिकवण्याच्या चेंबरमधले जुने पफ पॅनल कधी कधी स्वस्तात हाती लागतात आणि मोह होतो. पफची भोकं बंद असतात, हवा आत जात नाही. उष्णता थांबते, घुमारा थांबत नाही. थर्माकोलचंही तेच. अंड्यांचे ट्रे पातळ पुठ्ठ्याचे, आणि पेट घ्यायला एक ठिणगी पुरे.

आत काय भरायचं

दोन रस्ते आहेत.

पहिला, रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंचे तक्ते. बॉयलर आणि शीतगृहांची कामं करणाऱ्या इन्सुलेशनवाल्या दुकानदाराकडे मिळतं. 50 मिलिमीटर जाडीचे, 48 किलो प्रति घनमीटर घनतेचे स्लॅब मागा. एका पॅनलला दोन, म्हणजे बारा पॅनलना 24. 'जास्त घनतेचं जास्त भारी' म्हणून 96 किंवा 144 चं गळ्यात मारलं जातं. या कामाला त्याची गरज नाही. स्लॅबची नेहमीची मापं 1200 बाय 600 किंवा 1000 बाय 600. आधी स्लॅब घरी आणा, टेपने मोजा, मगच लाकूड कापायला द्या. उलट केलं की फ्रेम एका मापाच्या आणि स्लॅब दुसऱ्या मापाचे, ही ठरलेली फजिती.

दुसरा रस्ता आपल्या दारातला: कापूस. चार फूट लांब, दोन फूट रुंद, चार इंच जाड गादी पिंजाऱ्याकडून भरून घ्या. एका गादीला अडीच किलो पिंजलेली रुई पुरते; घनता साधारण 35 किलो प्रति घनमीटर येते आणि ती आवाज शोषायला योग्य आहे. बारांना 30 किलो. जुन्या गाद्यांचा कापूस पुन्हा पिंजून घेतला तरी चालतो, फक्त त्यात सरकी आणि धूळ राहू देऊ नका. पिंजाऱ्याला दोन गोष्टी बजावून सांगा. एक, झोपायची गादी नाही, ठासून भरायची नाही. दोन, टाके दर सहा इंचांवर घालायचे, पण ओढून नाही. गादी इथे उभी राहणार आहे. टाके विरळ असले तर दोन महिन्यांत सगळी रुई खाली सरकते आणि वरचा फूटभर नुसतं कापड उरतं. जास्त कापूस म्हणजे जास्त शोषण असंही नसतं. जिनिंगमधली 170 किलोची दाबलेली गाठ कोपऱ्यात ठेवून उपयोग नाही. तिच्यात हवाच शिरत नाही, आवाज कुठून शिरणार?

दोन्हीत निवड करायची तर कोपरे आणि छतासाठी रॉकवूल, भिंती आणि गायकाच्या मागे कापूस. पैसे अगदीच कमी असतील तर सगळीकडे कापूस. रॉकवूल जळत नाही, कापूस आणि फोम जळतात, ही गोष्ट मात्र विसरू नका: स्विचबोर्ड, इन्व्हर्टर आणि एक्स्टेन्शन यांच्यापासून कापसाचा पॅनल किमान फूटभर दूर, आणि खोलीत अगरबत्तीसुद्धा नको.

रॉकवूल हाताळताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मास्क, चष्मा. घामावर त्याचे तंतू बसले की अंग खाजून खाजून लाल होतं. उन्हाळ्यात हे काम पहाटे अंगणात करा, नंतर आधी गार पाण्याने धुवा, चोळू नका.

पॅनल बांधणं

लाकूड सागाचं नको. पॅकिंगच्या खोक्यांचं देवदार पुरतं. एमआयडीसीजवळच्या वखारीत मिळतं. चार इंच रुंद, पाऊण इंच जाड पट्टी घ्या. 1200 बाय 600 च्या स्लॅबला दोन पट्ट्या 1200 मिलिमीटरच्या आणि दोन 638 च्या, कारण आडव्या पट्ट्या उभ्या पट्ट्यांच्या जाडीवरून जातात. एका पॅनलला बारा फूट पट्टी; बारांना 145 फूट, गाठी आणि वाकडे तुकडे धरून 160 घ्या. पाठीमागे आधाराला दोन आडव्या बारीक बत्त्या (लाकडी पट्ट्या).

1. कोपऱ्यात दोन-दोन स्क्रू, दीड ते दोन इंची. आधी ड्रिलने भोक पाडा, नाहीतर देवदार चिरतं.
2. कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे फ्रेम काटकोनात आहे.
3. पाठीला बत्त्या आणि त्यांच्या आतून मलमलीसारखं पातळ कापड, म्हणजे तंतू खोलीत उडत नाहीत.
4. स्लॅब किंवा गादी आत बसवा. घट्ट हवी, दाबलेली नको.
5. पुढून मांजरपाट ताणून पाठीवर स्टेपल करा. आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पिन, मग कोपऱ्यांकडे. एका बाजूने सुरुवात केली की हमखास सुरकुती येते.

मांजरपाट आधी धुऊन वाळवा, तो आटतो. पन्हा 40 इंचांपेक्षा कमी नको. एका पॅनलला 1.6 मीटर, बारांना वीस मीटर. दुसरं कापड निवडायचं तर ते तोंडाला लावून फुंका: हवा पलीकडे सहज गेली तर आवाजही जातो. रेक्झिन या परीक्षेत नापास होतं, आणि फ्लेक्सही. व्हिडिओत छान दिसावं म्हणून पॅनलवर गायकाच्या फोटोचा फ्लेक्स चढवणारे बरेच आहेत. त्यांनी एवढं करून पुन्हा भिंतच बांधलेली असते.

तयार पॅनलचं वजन सात-आठ किलो भरतं.

कुठे लावायचे

सहा पॅनल कोपऱ्यांना. एका कोपऱ्यात दार असतंच, उरलेल्या तीन उभ्या कोपऱ्यांत प्रत्येकी दोन, एकावर एक. पॅनल कोपऱ्यात तिरका उभा करायचा, दोन्ही भिंतींना कडा टेकवून. मागे तिकोनी पोकळी राहते तीच कामाची. खाली दोन विटा ठेवा, म्हणजे पुसायचं पाणी आणि वाळवी लागत नाही. आणखी पैसे वाचवायचे असतील तर ग्लासवूलच्या (काचेच्या तंतूंच्या) मऊ गुंडाळ्या प्लास्टिकच्या पिशवीतून न काढताच कोपऱ्यात छतापर्यंत रचा. प्लास्टिक वरचे सूर परतवतं, खालचे आरपार जाऊ देतं, आणि कोपऱ्यात आपल्याला खालचेच पकडायचे आहेत.

टेबल बारा फुटी लांबीच्या टोकाला, आखूड भिंतीकडे तोंड करून, रुंदीच्या बरोबर मध्यावर. डोकं त्या भिंतीपासून साडेचार फुटांवर यावं. सहा फुटांवर, म्हणजे खोलीच्या मध्यावर, अजिबात नको. दोन स्पीकर आणि डोकं मिळून समभुज त्रिकोण, स्पीकरचा वरचा छोटा शंकू कानाच्या पातळीत. आता जागेवर बसा आणि दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे एक पॅनल. दोन्ही बाजूंना असे दोन. भिंतीत रावळ प्लग, मागे लाकडी ठोकळे देऊन दोन ते चार इंच पोकळी ठेवा.

दोन छताला, टेबल आणि डोकं यांच्या मधल्या भागावर, स्लॅबपासून चार इंच खाली. प्रत्येकाला चार ठिकाणी अँकर फास्टनर आणि साखळी. बाइंडिंगच्या तारेवर आठ किलो डोक्यावर टांगू नका. स्लॅबमधून वायरिंगचे पाइप गेलेले असतात, ड्रिल करण्याआधी वायरमनला विचारा.

उरलेले दोन गायकाच्या मागे. इथे बहुतेकांचं उलट होतं: माइकच्या मागे फोमची अर्धगोल ढाल लावतात. कार्डिऑइड माइक पाठीमागचं फारसं ऐकतच नाही, तो समोर ऐकतो. त्याच्या समोर गायक, आणि गायकाच्या पाठीमागची भिंत. म्हणून जाड पॅनल गायकाच्या पाठीशी. हे दोन पायांवर उभे ठेवले तर हवे तिथे सरकवता येतात.

मिक्सिंग फक्त हेडफोनवर करणार असाल तर आरशाचे आणि छताचे पॅनल पुढच्या वर्षी केले तरी चालतील. गायकामागचे दोन आणि कोपरे आधी.

गायक आणि वाद्यं

गायक कोपऱ्यातही नको, खोलीच्या मध्यावरही नको. मागच्या पॅनलपासून दोन-तीन फूट पुढे. तोंड माइकपासून सहा ते आठ इंच, मधे पॉप फिल्टर (तोंडाची फुंकर अडवणारी जाळी). अंतर दुप्पट केलं की खोली लगेच जास्त ऐकू येते, त्यामुळे लांबून गायची सवय असलेल्याला जवळ आणणं हा सगळ्यात स्वस्त उपचार.

संबळ, डफ, पावरी (फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य) यांना मात्र थोडी जिवंत जागा लागते. पावरीला माइक दोन-तीन फुटांवर ठेवा, आणि तिच्या एका बाजूची भिंत मोकळी राहू द्या. सगळ्या भिंती झाकल्या तर वाद्य मेल्यासारखं वाजतं. बारा पॅनलवर थांबण्याचं हेही एक कारण.

ऊन आणि कूलर

आखाजीची गाणी मार्च-एप्रिलमध्ये होतात आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा बंद खोलीत कापसात बसणं म्हणजे शिक्षाच. पंखा चालू ठेवून टेक घेता येत नाही: पात्यांवरून परतणारा आवाज थरथरतो, तो नंतर काढता येत नाही. कूलर तर गाजतोच, शिवाय ओलसर हवा थेट पॅनलवर मारतो. खोली तासभर आधी गार करा, कूलर बंद करा, दहा-बारा मिनिटांचे टेक घ्या, मग दार उघडा. कूलरची हवा पॅनलकडे नाही, दाराकडे वळवा.

तपासणी

पॅनल लागले की मधोमध उभं राहून टाळी वाजवा. टर्रर्र असा चिमणीसारखा फडफडाट आला तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती शिल्लक आहेत. त्यातल्या एकीवर गोधडी टांगून ऐका, गेला तर तिथे पॅनल सरकवा. मग रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घ्या, माइक डोक्याच्या जागी ठेवून स्वीप, म्हणजे खालून वरपर्यंत सरकत जाणारा सूर, वाजवा, एकदा पॅनलआधी आणि एकदा नंतर. आलेखात 50-60 च्या आसपास अजून खड्डा दिसेल. तो चार इंची पॅनलने पूर्ण भरत नाही, आणि ईक्यूने (सूर कमी-जास्त करायच्या सोयीने) तो सूर वर ओढूनही भरत नाही. खुर्ची आणि स्पीकर अर्धा-अर्धा फूट मागे-पुढे करून पुन्हा मोजा, जिथे खड्डा सगळ्यात उथळ तिथे फरशीवर रंगाने खूण करा.

कापसाचे पॅनल पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या साफसफाईत, एक दिवस कडक उन्हात घाला आणि पाठीमागून उंदराने कुरतडलंय का ते बघा. कोपऱ्यातल्या पॅनलमागची ती तिकोनी पोकळी उंदरांनाही फार आवडते. तिच्या तळाशी बारीक जाळी ठोका.